डावीकडून तिसरा दिवा

उशी ओली लागली म्हणून मी आधी
आर्विडच्या तोंडाकडे पाहिलं. लाळ नव्हती.
मग बाटलीकडे. झाकण घट्ट.
मग वर, छत आणि भिंत भेटतात तिथं:
चहा सांडल्यासारखा डाग,
काल नव्हता.

एप्रिलमध्ये घेतलेला ट्रेलर, सव्वीस फुटी.
बत्तीस वर्षं शाळेची बस चालवून साठवलेले माझे पैसे,
त्याच्या गुडघ्याच्या भरपाईतले उरलेले.
आत अजून नव्या चपलेचा वास.

डुलुथच्या दुकानातला पोरगा म्हणाला, "दमट हवा, मॅडम.
दोघं झोपता, श्वास सोडता, त्याचंच पाणी होतं."
आर्विड गाडीत बसेपर्यंत गप्प. मग:
"एकेचाळीस वर्षं शेजारी झोपतोय.
घराचं छत नाही गळलं आपल्या श्वासानं."

त्यानं मासेमारीची वही उलटी धरून
मागून लिहायला घेतलं.
सात जून. वारा वायव्येचा, तीन तास. डब्यात दीड बोट.
एकोणीस जून. नुसती भुरभुर. काही नाही.
दोन जुलै. नातीच्या मोज्यात.
एका बाजूनं मासे पुढं सरकत होते,
दुसऱ्या बाजूनं गळती.

वॉरंटीचं पुस्तक मी चष्मा बदलून वाचलं.
सील त्यांचं. सीलमधून आत आलेलं पाणी
आमचं.
मुदत वर्षाची. त्यातले एकसष्ट दिवस
ट्रेलर त्यांच्याच आवारात, एका पार्टची वाट बघत;
कुठला पार्ट, ते कुणालाच ठाऊक नाही.
कारखान्यातली बाई म्हणायची, डीलरला विचारा.
डीलर म्हणायचा, कारखाना फोन उचलत नाही.
पाणी मुरत होतं,
भिंतीत आणि फोनवर, दोन्हीकडे.
होल्डवरचं ते संगीत मी आता भांडी घासताना गुणगुणते.

परत मिळाला तेव्हा छतावर पांढरा लेप,
केकवर थापतात तसा.
पहिल्याच पावसात गळला.
पलंगाखालची जमीन अंगठ्यानं दाबली तर
पिकल्या केळ्यासारखी आत गेली.

सप्टेंबरात आम्ही ट्रेलर त्यांच्याच दारात लावला
आणि आत मुक्काम ठोकला.
गळतानाच दाखवू. मग बोला श्वासाबद्दल.
तर पाऊस येईना.
तीन दिवस सरोवरावर ढगाचं बोटुक नाही.
विक्रीच्या गाड्यांमध्ये खुर्च्या टाकून बसलेलो आम्ही,
लोक येऊन आमची किंमत विचारायचे.

चौथ्या दिवशी, शटर पडल्यावर,
टॉइव्हो नावाचा म्हातारा मेकॅनिक बागेचा पाइप ओढत आला.
"आजचा पगार संपला," म्हणाला. "आत जा. बॅटऱ्या घ्या."
खालून वर, वीत वीत करत, त्यानं पाऊस पाडला.
"आलं?"
"नाही."
खिडकी झाली, कोपरा झाला, शिडीचे पाय झाले.
"आता?"
"नाही."
आर्विड पलंगावर गुडघे टेकून, बॅटरी दातांत,
मी डबा धरून.
"आता?"
पॅनेलच्या कडेला काहीतरी चमकलं,
थबकलं, फुगलं,
आणि डब्यात टण्णकन पडलं.
"आलं!"
बसमधल्या साठ पोरांना गप्प करतानाही
एवढी ओरडले नसेन.

पुढचा पिवळा दिवा. डावीकडून तिसरा.
दोन स्क्रू. एकाखाली चिकटपट्टी,
दुसऱ्याखाली काहीच नाही.
"जेवणाचा भोंगा झाला असेल," टॉइव्हो म्हणाला,
आणि तो गंजका स्क्रू आर्विडच्या तळहातावर ठेवला,
करंगळीच्या पेराएवढा.

कंपनीनं मंजूर केलं: एक दिवा, वीस मिनिटं मजुरी.
जमीन नाही.
जमीन आम्ही हिवाळ्यात केली, भाच्याच्या बोटशेडमध्ये.
प्लायवूड भिजल्या बिस्किटासारखं हातात येत होतं.
आर्विडचा गुडघा, माझे शब्द. सगळे लिहिण्यासारखे नाहीत.

मे महिन्यात पहिली रात्र, नदीकाठी.
दोन वाजता छतावर टपटप सुरू झाली.
मी उठले नाही. नुसता हात वर केला,
कोपरा चाचपला.
कोरडा.
पुन्हा चाचपला.
अंधारातून, मला वाटलं होतं झोपलाय, तो आर्विड:
"आलं?"